सापकांदा: बघावा कसा, लावावा कसा

जूनमध्ये पहिले दोन-चार जोरदार पाऊस झाले की सह्याद्रीच्या माथ्यावर, झाडीच्या कडेला आणि ओल्या उतारांवर जमिनीतून एकच दांडा वर येतो. त्याच्या टोकाला नागाने फणा काढावा तसा पांढरा, पुढे झुकलेला पडदा असतो. हा सापकांदा. पावसाळी भटकंतीत तो पाहिला की अनेकांना दोन प्रश्न पडतात: ‘हे फूल आहे की पान?’ आणि ‘घरी लावता येईल का?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, पण’ असे आहे. त्यातला ‘पण’ नीट समजून घेतला नाही तर कंद वर्षभरात सडतो. म्हणून आधी त्याची रीत समजून घेऊ, मग कुंडीकडे वळू.

कुळ आणि ओळख

सापकांदा ज्या प्रजातीत मोडतो तिचे शास्त्रीय नाव ॲरिसिमा. तिच्यात सुमारे 200 जाती आहेत. त्यातल्या बहुतेक आशियात, हिमालय, चीन आणि जपानच्या डोंगराळ जंगलांत वाढतात. थोड्या पूर्व आफ्रिकेत आणि उत्तर अमेरिकेत आहेत. अळू, सुरण आणि शेवळ हे सापकांद्याचे भाऊबंद. या सगळ्यांचे कुळ एकच आणि फुलोऱ्याची बांधणीही एकच: मध्ये मांसल दांडा आणि त्याभोवती एक मोठे रंगीत आवरण. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या दांड्याला स्थूलकणिश आणि आवरणाला महाछद म्हणतात. आपण ज्याला फूल समजतो तो महाछद असतो. खरी फुले अगदी बारीक असतात आणि दांड्याच्या तळाशी, नळीच्या आत दडलेली असतात.

महाराष्ट्रात सर्वात जास्त दिसणारी जात ॲरिसिमा मरेयी. 1839 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींच्या यादीत जॉन ग्रॅहम याने तिची नोंद केली. ही जात पश्चिम घाटाची रहिवासी आहे. महाछदाची नळी हिरवट, वरचा भाग रुंद व पांढरा आणि आतल्या बाजूला तळाशी जांभळट छटा, ही तिची खूण. पान सहसा एकच, तेही बहुधा फुलोऱ्याच्या मागाहून उलगडते. एका बिंदूतून चहूकडे पसरलेल्या पर्णिकांमुळे वरून पाहिले तर ते उघडलेल्या छत्रीच्या काड्यांच्या रचनेसारखे असते.

दुसरी जात ॲरिसिमा सह्याद्रिकम. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी 1993 साली तिचे वर्णन केले. इतक्या अलीकडेपर्यंत आपल्या घाटातली एक जात बिननावाची राहिली होती, हे लक्षात घ्यावे. तिसरी जात ॲरिसिमा टॉर्चुओसम हिमालयापासून दक्षिण भारतापर्यंत पसरलेली आहे. तिचा महाछद हिरवा असतो आणि त्यातून स्थूलकणिशाचे लांब, वळणदार टोक चाबकासारखे बाहेर येते. चांगले रोप माणसाच्या कमरेपर्यंत वाढते.

आज नर, पुढच्या वर्षी मादी

या प्रजातीची सर्वात चकित करणारी गोष्ट म्हणजे रोपाचे लिंग कायमचे ठरलेले नसते. बहुतेक जातींत लहान कंदाचे रोप नर फुले देते. कंद पुरेसा मोठा झाला, त्यात अन्नसाठा जमला, की तेच रोप मादी फुले देऊ लागते. कारण साधे आहे. परागकण तयार करायला फार खर्च येत नाही, पण फळे आणि बिया पोसायला साठा लागतो. एखाद्या वर्षी खूप फळे धरल्याने किंवा पान लवकर तुटल्याने कंद खंगला, तर पुढच्या पावसाळ्यात ते रोप पुन्हा नर होते. त्यामुळे तुमच्या कुंडीतल्या फुलोऱ्याचे लिंग हा कंदाच्या तब्येतीचा अहवाल समजावा.

परागीभवन करतात त्या बुरशीवर वाढणाऱ्या, चिलटाएवढ्या माश्या. वासाच्या ओढीने त्या नळीत शिरतात. आतली भिंत गुळगुळीत असल्याने त्यांना वर चढता येत नाही. नर फुलोऱ्यात नळीच्या तळाशी एक छोटी फट असते. माशी परागकण अंगावर घेऊन तिथून निसटते. मादी फुलोऱ्यात ही फट नसते. आत आलेली माशी परागकण पोचवते आणि बहुधा तिथेच मरते. जपानमधल्या ॲरिसिमा थुनबर्गी या जातीत मात्र माश्या फुलोऱ्याच्या आत अंडीही घालतात आणि कुजत्या फुलोऱ्यावर त्यांची पिल्ले वाढतात, असे कोबे विद्यापीठातल्या अभ्यासकांना अलीकडे दिसून आले. म्हणजे झाडाकडून माशीला काही मोबदलाही मिळतो.

बागकाम करणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक म्हणजे कुंडीत एकटेच रोप असेल तर बी धरण्याची आशा नाही. दुसरी म्हणजे आजूबाजूच्या माश्या मारायला फवारणी केली तर रोपे अनेक असूनही फळ धरणार नाही.

डोंगरात बघायला जाताना

सापकांद्याचा फुलोरा बघायचा तर जून आणि जुलै हे महिने धरावेत. कासला सप्टेंबरमध्ये फुलांचे गालिचे बघायला गर्दी लोटते, पण तोवर सापकांद्याचा फुलोरा संपलेला असतो. तेव्हा दिसते ते त्याचे पान आणि नशीब असेल तर कणसासारखा लालभडक फळांचा घोस. महाबळेश्वर, भीमाशंकर आणि कासच्या परिसरात झाडीच्या कडा, बांध आणि पायवाटांच्या बाजूचे उतार निरखून पाहा. मोकळ्या कातळावर वेळ घालवू नका.

बघताना चार पथ्ये पाळावीत. महाछद उलगडून आत डोकावू नये, कारण एका रोपाला वर्षाकाठी एकच फुलोरा येतो. फोटोसाठी आजूबाजूचे गवत व रोपे तुडवू नयेत, कारण मोठ्या रोपाशेजारी एकपानी पिल्ले असतात आणि ती सहज नजरेत येत नाहीत. पान तोडू नये. आणि कंद तर मुळीच उपटू नये. राखीव जंगल आणि अभयारण्यातून झाडे काढून नेणे हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी फुलोऱ्यावर आलेला कंद उपटणे हा तोट्याचाच व्यवहार ठरतो. ऐन वाढीत मुळे तुटलेला कंद गाडीच्या डिकीतून घरी येईपर्यंत कोमेजतो आणि बहुतेक वेळा पुढचा पावसाळा बघत नाही.

शेवळ आणि सापकांदा: गल्लत नको

मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनमध्ये ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात शेवळाच्या जुड्या येतात. काकड घालून केलेली शेवळाची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिची चव सांगायला नको. शेवळ जमिनीतून येते त्याच सुमारास सापकांदाही येतो. त्यामुळे हौसेने रानभाजी गोळा करणाऱ्यांनी फरक पक्का माहीत करून घ्यावा. सापकांद्याचा महाछद खाली नळीसारखा आणि वर टोपीसारखा पुढे वळलेला असतो. शेवळाला अशी टोपी नसते आणि त्याचा दांडा आवरणातून उघडपणे वर उभा असतो. पाने आल्यावर तर शंकाच उरत नाही. शेवळाचे पान सुरणासारखे तीन भागांत फाटून पुढे चिरलेले असते, सापकांद्याच्या पर्णिका एका बिंदूतून निघतात.

सापकांद्याच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. चावल्याबरोबर ते जिभेत, गालात, घशात रुततात. खाज आणि जळजळ तर होतेच, पण सूज घशापर्यंत गेली तर श्वासाला अडथळा येऊ शकतो. अळू आणि सुरण आपण चिंच-आमसूल घालून शिजवून खातो म्हणून सापकांदाही चालेल, असा हिशेब करू नये. चीनमध्ये या प्रजातीच्या कंदांवर आले आणि तुरटी वापरून प्रक्रिया करतात आणि ते पारंपरिक औषधात वापरतात. तो जाणकारांचा प्रांत आहे, घरी करून बघण्याचा नव्हे.

मुलाने चुकून पान किंवा लाल फळ चावलेच, तर तोंडातले तुकडे बाहेर काढा, तोंड पाण्याने खळखळून धुवा, थंड पाणी किंवा दूध थोडे-थोडे पाजा. उलटी काढायला लावू नका. घसा सुजतोय, गिळता येत नाही किंवा श्वास लागतोय असे दिसले तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. घरात रांगते मूल किंवा पाने कुरतडणारे मांजर-कुत्रे असेल तर ही कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

कुंडीत लावताना

कंद किंवा बी घ्यायचे ते रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे. विक्रेत्याला सरळ विचारा, ‘बियांपासून केलेले आहे का?’ उत्तर टाळाटाळीचे आले तर घेऊ नका.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर आणि घाटमाथ्यावरच्या गावांत सापकांदा कुंडीत चांगला राहतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट उकाड्यात तो जगवणे अवघड जाते. तिथल्या वाचकांसाठी खाली वेगळे पर्याय दिले आहेत.

जागा: सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नको. बाल्कनीत अर्धी सावली देणारी हिरवी जाळी लावली तर काम भागते. अंगणात आंबा किंवा जांभळाच्या विरळ सावलीत कुंडी ठेवावी. थेट झाडाच्या बुंध्याशी मातीत लावला तर मोठ्या झाडाची मुळे पाणी ओढून घेतात.

माती: नुसती काळी माती वापरू नका. ती पावसात चिकट होते आणि सुकली की तडकते, दोन्ही कंदाला वाईट. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, दोन भाग चांगले कुजलेले पानखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करा. ताजे शेणखत घालू नका. कुंडीच्या तळाच्या भोकांवर खापऱ्या ठेवा, म्हणजे पाणी तुंबणार नाही.

खोली: इथे बरेच जण चुकतात. कांदा, लसूण किंवा निशिगंधाच्या कंदाला मुळे खालून फुटतात. सापकांद्याच्या कंदाला मुळे वरच्या बाजूने, अंकुराभोवती फुटतात. कंद उथळ लावला तर मुळांना माती मिळत नाही. म्हणून कंदाच्या माथ्यावर किमान 8 ते 10 सेंटिमीटर माती राहील एवढा खोल लावा. कुंडीही तशीच खोल, निदान 10 इंचांची घ्या. अंकुराचा डोळा वर ठेवा. डोळा ओळखता आला नाही तर कंद आडवा ठेवा, तो आपली वाट शोधतो.

वेळ: लावण्याची योग्य वेळ म्हणजे मे महिना, कंद अजून झोपेत असताना. वळवाच्या एखाद्या सरीने तो जागा होऊ लागला की त्याला हलवू नये.

पाणी कधी, विश्रांती कधी

आता तो ‘पण’. सापकांदा वर्षातले चार-पाच महिने जमिनीवर असतो आणि उरलेला काळ जमिनीखाली झोपतो. शहरातल्या कुंड्यांमध्ये हे कंद बहुतेक मरतात ते या झोपेच्या काळात, आणि दुर्लक्षाने नाही, काळजीने मरतात. पान गळून कुंडी रिकामी दिसू लागली की घरातले कोणीतरी, कधी मोलकरीण, कधी माळी, बाकीच्या झाडांबरोबर तिलाही पाणी घालत राहतो. मुळे नसलेला कंद ते पाणी घेऊ शकत नाही आणि कुजतो.

वर्षाचे वेळापत्रक असे ठेवा. जूनमध्ये अंकुर दिसला की नियमित पाणी सुरू करा. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर असेल तर वेगळे पाणी लागत नाही, फक्त पाणी साचत नाही ना हे बघा. पान पूर्ण उघडले की पंधरवड्यातून एकदा पातळ केलेले द्रवरूप खत, नेहमीच्या निम्म्या मात्रेत, ऑगस्टअखेरपर्यंत द्या. कंदाची वाढ होते ती या दोन-अडीच महिन्यांत, त्यामुळे पान हिरवे असेपर्यंत ते कधीही कापू नये. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये पान पिवळे पडू लागले की पाणी कमी करत जा. दांडा आपोआप सुटून पडला की पाणी पूर्ण बंद करा.

त्यानंतर मेपर्यंत कुंडी पावसाच्या पाण्यापासून दूर, सावलीत, कोरड्या जागी ठेवा. दिवाळीच्या आसपासचा अवकाळी पाऊस ही सर्वात मोठी जोखीम. बाल्कनीत थेंब येत असतील तर कुंडी आडवी करून ठेवली तरी चालते. कुंडीवर ‘झोपलेला आहे, पाणी घालू नये’ अशी ठसठशीत चिठ्ठी चिकटवा. हा सल्ला गमतीचा वाटेल, पण याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. कंद उकरून कागदी पिशवीत ठेवायचा असेल तर थोड्या सुक्या वाळूत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.

कीड फार येत नाही. पावसाळ्यात कोवळ्या अंकुरावर गोगलगाई मात्र तुटून पडतात. रात्री टॉर्च घेऊन त्या वेचून काढणे हाच चांगला उपाय.

बियांपासून रोपे

बी हवे असेल तर निदान चार-पाच वेगवेगळ्या आकाराची रोपे ठेवा, म्हणजे एकाच हंगामात नर आणि मादी दोन्ही मिळण्याची शक्यता वाढते. नर फुलोरा आधी आला तर नळीच्या तळाशी साठलेले परागकण मऊ ब्रशने कागदावर झटकून, कागद घडी करून, कोरड्या डबीत फ्रिजमध्ये ठेवा. मादी फुलोरा उघडला की ब्रशनेच ते आतल्या हिरव्या मण्यांसारख्या बीजांडकोशांवर लावा.

फळे लाल झाली की हातमोजे घालून गर काढा. या गरानेही हात चुरचुरतात आणि शिवाय तो बी रुजायला अडथळा आणतो. बी दोन-तीनदा पाण्यात धुऊन सावलीत सुकवा आणि मे-जूनमध्ये एक सेंटिमीटर खोल पेरा. सह्याद्रीतल्या जातींना थंडीचा उपचार करावा लागत नाही. पहिल्या वर्षी एकच साधे, न विभागलेले पान येते. त्या लहान रोपाला ‘तण’ समजून उपटून टाकू नका. फुलोरा येईपर्यंत साधारण तीन ते पाच पावसाळे जातात.

हिमालयातल्या जाती आणि आपले हवामान

सिक्कीम, दार्जिलिंग, उत्तराखंडच्या सहलीत या प्रजातीची आणखी देखणी मंडळी भेटतात. ॲरिसिमा ग्रिफिथीचा फणा रुंद, जांभळा आणि जाळीदार नक्षीचा असतो. स्पेसिओसमच्या स्थूलकणिशाला दोऱ्यासारखी शेपटी असते, ती जमिनीपर्यंत लोळते. जॅक्वेमाँटीच्या हिरव्या महाछदावर पांढऱ्या रेषा असतात. लहानखुरा, पिवळा फ्लेव्हम पूर्व आफ्रिकेपासून चीनपर्यंत कोरड्या डोंगरांत आढळतो आणि त्याच्या एकाच फुलोऱ्यात नर व मादी दोन्ही फुले असतात. हे कंद पर्यटनस्थळी विकायला असले तरी महाराष्ट्रात आणून लावू नयेत. त्यांना उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात खरी थंडी लागते. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत ते टिकत नाहीत.

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या वाचकांनी सावलीच्या कोपऱ्यासाठी दुसरे सोबती निवडावेत. भुईचाफा उन्हाळ्यात पाने नसताना जमिनीलगत सुवासिक फुले देतो. रानहळदीची गुलाबी-जांभळी तुरेदार कणसे पावसाळ्यात रंग भरतात. पेव सावलीत ऐसपैस वाढते. भुईचाफा आणि रानहळद सापकांद्यासारखेच झोपतात, त्यामुळे कोरड्या विश्रांतीचा नियम त्यांनाही लागू आहे.

परदेशातल्या वाचकांसाठी

अमेरिकेच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना ही प्रजाती घरामागच्या जंगलातच भेटेल. ॲरिसिमा ट्रायफायलम म्हणजे तिकडचे ‘जॅक-इन-द-पल्पिट’ वसंतात ओलसर, पानझडी जंगलांत फुलते. चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी 1930 साली त्याच फुलोऱ्यावर चित्रमालिका रंगवली. ट्रायफायलमचे बी लावायचे तर ओल्या वाळूत दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवावे. पानांवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा आहे. तो कंदातही मुरतो, म्हणून ते रोप काढून टाकावे. ब्रिटनमध्ये चीनची गुलाबी-पांढरी कँडिडिसिमम आणि कन्सँग्विनियम या जाती बाहेर, जमिनीत राहतात. कँडिडिसिमम उशिरा, जूनच्या सुमारास उगवते, तेव्हा मेमध्ये वाफा रिकामा बघून तो खणू नका.

एक विनंती भारतात येताना आणि जाताना दोन्ही वेळा लक्षात ठेवा. सामानात लपवून कंद नेऊ-आणू नका. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय अशी ने-आण बेकायदा आहे आणि कंदाबरोबर आलेली बुरशी किंवा सूत्रकृमी दुसऱ्या देशाच्या शेतीला महाग पडू शकतात.

सुरुवात करायची असेल तर यंदा फक्त बघा: जूनअखेर एखाद्या घाटमाथ्यावर जा, फुलोरा पाहा, जागा आणि सावली टिपून ठेवा. पुढच्या मेमध्ये रोपवाटिकेतून बी किंवा कंद आणून लावा. आणि ऑक्टोबरनंतर पाण्याची झारी त्या कुंडीपासून लांब ठेवा.